कान गार लागले तर

कोइवुला, २६ सप्टेंबर १९९३

प्रिय विर्वे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रोज ठरवते, आणि संध्याकाळच्या धारा काढून घरात आले की टेबलापाशी बसल्या बसल्या डोळा लागतो. ताउनो म्हणतो, आपली म्हातारी ओमेना गायसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त वेळ जागी असते.

बटाटे काढून झाले. या वर्षी मला वाकवेना, म्हणून शेजारची हेल्वी मदतीला आली. ती माझ्याच वयाची, पण तिचं सगळं उलटं चाललंय. बादली उचलता उचलता चेहरा लालबुंद होतो, स्वेटर काढून वाफ्यात फेकते, आणि थोड्या वेळाने कुडकुडत तोच स्वेटर शोधत फिरते. रात्री अंथरूण भिजतं म्हणे. नवरा वैतागून दुसऱ्या खोलीत झोपायला गेला. शनिवारी सौनाच्या तापलेल्या खोलीत तर ती खालच्या फळीवरही टिकत नाही. बाहेर पायरीवर जाऊन बसते आणि तिच्या अंगातून चुलीवरच्या किटलीसारखी वाफ निघत असते.

आणि माझी गंमत ऐक. जन्मभर खालच्या फळीवर बसून तुम्हा सगळ्यांची चेष्टा ऐकून घेतलेली मी, आता अगदी वरच्या, सगळ्यात गरम फळीवर बसते. दगडांवर कितीही पाणी ओता, बाकीच्या बायका उतरल्या तरी मी वरच. हेल्वी म्हणते, "आम्हाला आग लागलीय आणि महाराणी सिंहासनावर." मी म्हटलं, हे वय प्रत्येकीला वेगळं येतं. तुझ्या वाट्याला विस्तव आला, माझ्या वाट्याला राख.

पाळीचा काही नेम राहिलेला नाही. उन्हाळ्यात आरोग्य केंद्रात जाऊन आले. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगा, नम्र आहे. वयाचं आहे म्हणाला. तू औषधांच्या दुकानात आहेस, तिथे या वयाबद्दलची एखादी पुस्तिका असली तर पाठव. हा थकवा किती दिवस राहतो एवढंच मला बघायचंय. गायींचं काय करायचं ते त्यावर ठरेल. लवकर निवृत्ती घेणाऱ्या शेतकऱ्यांना सरकार आता पेन्शन देतंय, पण एकदा सही केली की दुधासाठी पुन्हा गाय पाळायची नाही.

स्वीडनहून तुझ्या आईचा फोन आला होता. बरी आहे.

तुझी
इर्यामावशी

---

ताम्पेरे, ४ ऑक्टोबर १९९३

प्रिय इर्यामावशी,

सोबत पुस्तिका पाठवते आहे. आमच्या मालकीणबाई, लेहतोलाबाई, यांना विचारूनच घेतली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलंय की मी काउंटरवर औषध द्यायचं, सल्ला द्यायचा नाही. तेव्हा हे पत्र सल्ला म्हणून वाचू नकोस. मी दोनदा लिहून फाडलं, कारण दोन्ही वेळा ते सल्ल्यासारखं वाटलं.

पुस्तिकेत लिहिलंय की या वयात थकवा येतो, झोप तुटते, वजन वाढतं, सांधे धरतात, माणसं विसरभोळी होतात, काहींना विनाकारण रडू येतं. काहींना हे वर्षभर असतं, काहींना बरीच वर्षं. अंगातून गरम लाटा येतात असंही आहे, पण ते तर हेल्वीचं. तुझ्या वाट्याला ते आलं नाही हे बरंच झालं.

वरच्या फळीचं वाचून मी दुकानात एकटीच हसले. लहानपणी तू मला मांडीवर घेऊन खालच्या फळीवर बसायचीस आणि म्हणायचीस, शहाणी माणसं इथेच बसतात. आता तुला वर बघायला मी नाताळात नक्की येईन.

गायींचं घाईने ठरवू नकोस. हाही सल्ला नाही. आई स्वीडनला कामाला गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि शाळेत जाईपर्यंत माझी शाळा म्हणजे तो गोठाच होता. तू दारावर खडूने अक्षरं काढायचीस आणि धार काढता काढता मला मोठ्याने वाचायला लावायचीस. त्या दारामागे गायी नाहीत असं मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. पण धारा तू काढतेस, मी नाही, त्यामुळे माझ्या आठवणींचा तुला जाच व्हायला नको.

तुझी
विर्वे

---

कोइवुला, २१ नोव्हेंबर १९९३

प्रिय विर्वे,

पुस्तिका मिळाली. ओळ न ओळ माझीच आहे. थकवा, वजन, सांधे, विसरणं. एकदा कपाटाचं दार उघडं धरून उभी राहिले आणि कशासाठी उघडलं तेच आठवेना. ताउनोने येऊन दार लावलं, काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

चर्चच्या गायनमंडळात जाणं बंद केलं. आवाज जाड झालाय, घोगरा. वादक म्हातारबुवा म्हणाले, पुरुषांच्या रांगेत एक जागा रिकामी आहे. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन स्वेटरवर स्वेटर चढवला आणि चुलीपाशी बसून राहिले. ताउनो कुरकुरतो की या वर्षी लाकडं नाताळपर्यंतसुद्धा पुरायची नाहीत.

तेव्हा मी ठरवलंय. पुस्तिकेत लिहिलंय तशी ही वर्षं असतील, तर इतकी वर्षं मी रोज पहाटे उठून गोठ्यात जाऊ शकणार नाही. अर्ज आणून ठेवलाय. सही मार्चअखेर करायची. गायी त्याआधी टप्प्याटप्प्याने जातील. ताउनो म्हणाला, तू म्हणशील तसं. या वाक्यावर आमचा संसार तीस वर्षं चाललाय, त्यामुळे त्याच्या मनात काय आहे ते मला विचारू नकोस.

नाताळात ये. मांस भाजीन, वेलचीचा पावही करीन, पण पीठ मळायला तू लागशील.

इर्यामावशी

---

ताम्पेरे, ४ जानेवारी १९९४

प्रिय इर्यामावशी,

घरून निघताना मी काही बोलले नाही, आणि बसमध्ये बसल्यापासून मला ते टोचतंय. तुझ्यासमोर धीर झाला नाही. म्हणून लिहिते आहे.

नाताळच्या संध्याकाळी सौनात आपण तिघी होतो. नेहमीसारख्या एकमेकींच्या पाठी चोळल्या. मी हेल्वीची पाठ टॉवेलने पुसली, आणि पुसता पुसता ती पुन्हा घामाने भिजली. मग तुझी पुसली. ती कोरडीच राहिली, मावशी. तू वरच्या फळीवर होतीस, सगळ्यात जास्त वेळ बसली होतीस, तरीही. कातडी इतकी खरखरीत झाली आहे की टॉवेलचे धागे अडकत होते. तुझ्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्यात. सकाळी डोळ्यांखाली सूज असते. आणि तू बोलतेस ते आता रेकॉर्ड हळू फिरवल्यासारखं येतं. मला वाईट वाटतंय हे असं लिहायला.

मी तुझं नाव न घेता लेहतोलाबाईंना विचारलं. त्या आधी रागावल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. ती मंदावली की सगळं शरीर मंदावतं. थकवा, वजन, विसरणं, पाळीचं बिघडणं, उदास वाटणं, हे त्यातही असतं आणि पाळी जाण्याच्या वयातही असतं. म्हणून बायका, आणि डॉक्टरसुद्धा, चुकतात. पण पाळी जाताना जी गर्मी येते ती लाटेसारखी येते, घाम फोडते आणि ओसरते. ग्रंथी मंदावलेल्या माणसाला सतत थंडी वाजते, कातडी कोरडी पडते, आवाज बसतो, नाडी संथ होते. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, म्हणून नुसतं बघून कुणीच सांगू नये, त्यांनीही नाही आणि मी तर मुळीच नाही. रक्त तपासलं की कळतं. आणि ते असलं तर त्यावर गोळी आहे.

त्या वरच्या फळीचं वाचून मी आधी हसले होते. ती ताकद नव्हती बहुतेक. तुला ऊब लागतच नव्हती.

सही करायच्या आधी एकदा रक्त तपासून घे. माझं चुकलं असेल तर पुढच्या नाताळात सगळी लाकडं मी फोडीन.

विर्वे

---

कोइवुला, १६ जानेवारी १९९४

विर्वे,

सौनात बायका एकमेकींना बघायला जातात हे मला माहीत नव्हतं. तिथे जे दिसतं ते तिथेच ठेवून यायचं, हे मी तुला अक्षरं शिकवायच्या आधी शिकवलं होतं. तू माझी पाठ पुसत होतीस तेव्हा मला वाटलं पोरीला माया आहे. तू तर तपासत होतीस.

डॉक्टरने मला बघितलंय. त्याने प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. त्याने सांगितलं ते वयाचं आहे. तो शिकलेला आहे आणि तू काउंटरवर आहेस, हे तूच लिहिलं होतंस.

गायींची पहिली गाडी फेब्रुवारीत यायची आहे. ते ठरलंय. मला काय होतंय ते मला माहीत आहे, आणि जे माहीत आहे त्याचं रक्त काढून काय करायचं? काही गोष्टी घराण्यात असतात. यावर आता लिहू नकोस.

हातमोजे विसरून गेलीस. सोबत पाठवते.

इर्या

---

कोइवुला, १७ फेब्रुवारी १९९४

विर्वे,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. हे तुझ्या काकाचं पत्र. इर्या दुकानात गेली आहे, ती यायच्या आत पेटीत टाकायचंय.

मंगळवारी गाडी आली. ओमेना आणि बाकीच्या चढल्या. हेलुना राहिली, ती महिन्याभरात विणार आहे आणि गाडीवाला गाभण गाय न्यायला तयार झाला नाही. तिच्या सोबतीला एक कालवड ठेवली. इर्या बाहेर आली नाही. खिडकीतही नव्हती.

गेल्या महिन्यात ती एकदा धार काढता काढता झोपली. कपाळ गायीच्या कुशीला टेकलेलं, हात थांबलेले. गाय हलली नाही. मीच पुढचं दूध काढलं. हे तिने तुला लिहिलं नसणार.

आणखी एक आहे. परवा दुपारी ती स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपली होती. मी हातमोजे घ्यायला आत आलो. भट्टीत राय धान्याचा पाव होता, खोली इतकी तापली होती की मी कोट काढला. तिचे केस बाजूला झाले होते. मी तिच्या कानाला हात लावला. मग दुसऱ्या. दोन्ही गार. हेलुनाचे असे लागले असते तर मी त्याच पावली पशुवैद्याला फोन केला असता. मी कान धरून उभा राहिलो आणि फोन कुणाला करायचा ते कळेना.

मी कान चाचपले हे तिला सांगू नकोस. तिला आवडणार नाही.

ताउनो

---

ताम्पेरे, २२ फेब्रुवारी १९९४

प्रिय इर्यामावशी,

लिहू नकोस म्हणाली होतीस. तरी लिहिते आहे, आणि आधी माफी मागते. सौनातलं बाहेर आणायला नको होतं. पण मी तपासत नव्हते. मी पाठच पुसत होते. मला ते नंतर कळलं, रात्री अंथरुणात.

आज पुस्तिका नाही, लेहतोलाबाई नाहीत. एक जुनी गोष्ट विचारायची आहे.

मी पाच-सहा वर्षांची असेन. एका सकाळी तू गोठ्यात एका नुकत्याच व्यालेल्या गायीपाशी थांबलीस, माझा हातमोजा काढलास, आणि माझा हात तिच्या कानावर ठेवलास. म्हणालीस, रोज आधी कान बघायचे. गाय आपलं दुखणं सांगत नाही, उलट चांगली गाय ते लपवते, उभी राहते, चारा खाल्ल्यासारखं करते. पण कान गार लागले तर थांबायचं नाही, डॉक्टर बोलवायचा. मी विचारलं, आणि ती म्हातारी झाली म्हणून गार लागले असतील तर? तू म्हणालीस, म्हातारी असली तरी आधी डॉक्टर, मग म्हातारपण.

माझी एवढीच विनंती आहे. भट्टी पेटलेली असताना, कॉफी पिऊन झाल्यावर, स्वतःच्या कानाला हात लाव. मग ताउनोकाकांच्या. मग तूच ठरव.

आणि दुसरं. घराण्यात काय असतं ते तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं तू आज्जीबद्दल बोलतेस. तुझ्या आईबद्दल. मी तेव्हा फार लहान होते. मला तिचा एक फोटो आठवतो, पायरीवर बसलेली, ऐन उन्हाळ्यात लोकरीची शाल आणि मानेला रुमाल. तुला तिच्यासारखं होईल अशी भीती वाटते का? वाटत असेल तर एकटीने ती भीती धरून बसू नकोस. मला तपासणीचा दिवस कळव, मी सुट्टी काढून येते, आरोग्य केंद्राच्या दारात नुसती बसून राहीन. आत येणार नाही.

विर्वे

---

कोइवुला, २७ मार्च १९९४

प्रिय विर्वे,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते चुलीत टाकणार होते. मग कॉफी प्याले. मग बसल्या बसल्या हात कानाकडे गेला. ताउनो समोर बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी उठून त्याच्याही कानाला हात लावला. त्याने पान उलटलं नाही, वर बघितलं नाही, पण त्याचा कान माझ्या बोटांत लाल होत गेला. तीस वर्षांत मला त्या माणसाचं एक कळतं. मी म्हटलं, "तू माझे कान चाचपलेस ना?" तो म्हणाला, "दोन्ही."

मग म्हणाला, "मी गाडी काढतो." आणि काढली.

आता सगळं नीट सांगते. वाचून रागावू नकोस.

उन्हाळ्यात त्या डॉक्टरने मला विचारलं होतं, अंगातून गरम लाटा येतात का, रात्री घाम येतो का, झोप उडते का. मी तिन्हीला हो म्हटलं. त्यातलं एकही माझ्या बाबतीत खरं नव्हतं. मी त्याला हेल्वीचं सांगितलं. तिचं सगळं मला पाठच होतं, दर शनिवारी ऐकत होते. थंडी वाजते हे मी सांगितलंच नाही. या वेळी तेच त्याला म्हटलं, मागच्या वेळी तुम्ही शेजारणीला तपासलंत. तो बिचारा कागदांत माझं नाव शोधायला लागला. मग त्याने विचारलं, असं का केलंत? मी म्हटलं, मला तिच्यासारखं व्हायचं होतं. तिचं जे आहे ते कधीतरी संपतं.

आईचं संपलं नाही. तिचं असंच सुरू झालं होतं, विर्वे. आधी थंडी. मग आवाज. मग ती वाक्याच्या मध्येच थांबायची आणि आपण पुढचं बोलायचो. चेहरा सुजला, पापण्या जड झाल्या. मग तिला भिंतीपलीकडून कुणीतरी बोलतंय असं ऐकू यायला लागलं. लोक म्हणाले डोकं गेलं. तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं आणि तिथेच ती दुसऱ्या हिवाळ्यात गेली. तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाची होती. तुला आम्ही फुप्फुसाचं काहीतरी सांगितलं होतं. म्हणून मला गायी आधी घालवायच्या होत्या. माझ्यानंतर ताउनोला एकट्याला त्या झेपल्या नसत्या, आणि मला कळेनासं झाल्यावर त्यांचे हाल झाले असते. तुला वाटलं मी दमले म्हणून सोडते आहे. दमले होतेच. पण मी आवराआवर करत होते.

डॉक्टरने माझ्या गळ्यावर बोटं ठेवली आणि पाण्याचा घोट घ्यायला लावला. मग टाचेवर छोटी हातोडी मारली. पाऊल उडालं, आणि परत खाली यायला विसरलं. मीच त्याच्याकडे बघत बसले. नर्सने रक्त घेतलं. आठवड्याने त्याने स्वतः फोन केला. ग्रंथी जवळजवळ झोपलेलीच आहे म्हणाला. रोज सकाळी एक गोळी, बहुतेक जन्मभर. हळूहळू वाढवायची, हृदयाला एकदम धक्का नको म्हणून. फरक पडायला काही आठवडे लागतील. आणि गोळीनंतर अर्धा तास कॉफी नाही. जन्मभर गोळी चालेल, पण कॉफीसाठी अर्धा तास थांबायचं हे मला अजून जमत नाही. रिकामा कप पुढ्यात घेऊन बसते.

मी त्याला आईचं सगळं सांगितलं, मानेच्या रुमालासकट. तो म्हणाला, माणसाला न बघता सांगता येत नाही, पण मानेला रुमाल का बांधायच्या? मी म्हटलं, गळा सुजल्यासारखा दिसायचा, तिला लाज वाटायची. तो म्हणाला, मग तसं असू शकतं. ही ग्रंथी फार मंदावली तर डोक्यावरही परिणाम होतो, आणि पूर्वी अशा काही माणसांना वेडं समजून ठेवून दिलं गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी इतकी दमलेली होते की तेही पुढे ढकललं.

सही केलेली नाही. अर्ज ताउनोने भट्टी पेटवायला वापरला. मी म्हटलं, कोरा कागद आहे, मागे हिशेब करता आले असते. तो म्हणाला, "आता जळला." मला वाटतं त्याच्या मनात काय होतं ते एवढंच होतं.

हेलुनाला कालवड झाली. हेलुनाचे कान गरम आहेत.

इर्यामावशी

---

ताम्पेरे, ३ एप्रिल १९९४

प्रिय मावशी,

मी रागावले नाही. पत्र दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि तिथेच बसून राहिले. लेहतोलाबाईंनी विचारलं तेव्हा मी पहिल्यांदाच तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, गोळी दूध किंवा लोहाच्या गोळ्यांबरोबर घेऊ नका म्हणावं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने सोडू नका म्हणावं. हा मात्र सल्ला आहे, आणि त्यांच्या नावावर आहे.

मला एकच टोचतंय. सप्टेंबरात तू वरच्या फळीचं लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. तेव्हा कळलं असतं तर ओमेना आज गोठ्यात असती. आणि नाताळात कळलं तेव्हा मी बोलले नाही. पण तू दमलेली असताना माझ्या टोचणीचं ओझं तुला कशाला, म्हणून इथेच थांबते.

आज्जी कुठल्या महिन्यात गेली? मला तिच्यासाठी मेणबत्ती लावायची आहे.

विर्वे

---

कोइवुला, २६ जून १९९४

प्रिय विर्वे,

ऐन उन्हाळ्यातल्या सणाला तू येऊ शकली नाहीस. हेल्वीने सौनात अंगावर मारायला बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांच्या नव्या जुड्या बांधल्या, त्यातली एक तुझ्यासाठी वाळत टाकली आहे.

ओमेनाचं मनाला लावून घेऊ नकोस. कळायला हवं होतं असं म्हणणारी रांग फार लांब आहे, आणि तू तिच्यात सगळ्यात शेवटी उभी आहेस.

मला बरं आहे. मे महिन्यात एके पहाटे मी आपोआप जागी झाले आणि पाय आधी जमिनीवर होते, डोकं मागून आलं. कपडे करून गोठ्यात गेले. दार उघडलं आणि मगच आठवलं की आत हेलुना, एक कालवड आणि एक वासरू एवढीच आहेत. बाकी जागा झाडून स्वच्छ आहेत, साखळ्या खुंटीला टांगलेल्या. मी जुन्या सवयीने शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. अंगात ताकद होती आणि हाताला काम नव्हतं. गेलेल्या गायी परत येत नाहीत. शरदात आम्ही दोन कालवडी घेऊ, ताउनो बघून आलाय. तिथे तीनही मिळतील म्हणाला, म्हणजे त्याने चार ठरवल्यात.

हेलुनाच्या कालवडीचं नाव त्याने लेहतोला ठेवलंय. म्हणाला, इतका चांगला सल्ला फुकट मिळतो कुठे. बाईंना सांगू नकोस.

आता शनिवारचं. मी नेहमीसारखी वर चढले. हेल्वीने दगडांवर पाणी ओतलं, वाफ आली, आणि मला वाटलं माझ्या पाठीवर कुणी पाणी सांडलं. हात लावला तर घाम. मानेवरून, पाठीवरून, गुडघ्यांमागून ओघळत होता. मला वर बसवेना. एक फळी उतरले, मग दुसरी, आणि शेवटी जन्मभराच्या माझ्या जागेवर येऊन टेकले. हेल्वी म्हणाली, "महाराणी, राज्य गेलं का?" मी म्हटलं, गेलं. आणि थोड्या वेळाने सौनाबाहेर, गार वाऱ्यात पायरीवर बसलेली असताना, माझा चेहरा आतून पेटल्यासारखा झाला, छातीपासून कानांपर्यंत. थोड्या वेळाने ओसरलं. हेल्वी माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आली तुझी पण." तेव्हा डॉक्टरला मी जे खोटं सांगितलं होतं तेही आता खरं झालंय. दोन्ही होतं म्हणायचं, एकाखाली एक दबलेलं. पुढच्या वेळी त्याला माझंच सांगेन.

आई फेब्रुवारीत गेली. पण मेणबत्ती लावायची तर नोव्हेंबरात लाव, तिला घेऊन गेले त्या महिन्यात. माझ्यासाठी ती तेव्हाच गेली. त्या सकाळी फार थंडी होती. गाडी अंगणात उभी होती आणि ती दारात, कुणाचंही न ऐकता, कुणाकडेही न बघता. मी तिची लोकरीची टोपी आणली आणि तिला घातली, दोन्ही कानांवर नीट ओढून, हनुवटीखाली बांधून. गोठ्यातून तशीच आले होते मी. त्या दिवशीही सगळ्या गायींचे कान बघून झाले होते.

आईच्या कानांवर माझे दोन्ही हात होते, विर्वे. हातमोजे काढले नव्हते.

तुझी
इर्यामावशी